माझ्या नावाचा दमा

चंडीगडजवळच्या चंडीमंदिर छावणीत मला सगळे दम्याची बाई म्हणून ओळखत. पार्टीत मी शिरले की कुणीतरी लगबगीने अगरबत्ती विझवायचं, कुणी कुत्र्याला आतल्या खोलीत कोंडायचं, आणि एखादी नवी नवरी डोळे मोठे करून विचारायची, "मॅम, आप ठीक हैं ना?" मी मान हलवायचे. मी ठणठणीत होते. दमा मला नाही, कधीच नव्हता. तो माझ्या नवऱ्याला होता आणि नऊ वर्षं कागदोपत्री माझ्या नावावर होता.

तुम्ही म्हणाल, घर बायकोच्या नावावर करतात, गाडी करतात, पण दमा? काही अवघड नसतं हो. नवऱ्याने एक वाक्य बोलायचं आणि बायकोने ते खोडून काढायचं नाही, एवढंच.

नऊ वर्षांपूर्वी आम्ही राजस्थानातल्या एका छोट्या स्टेशनात होतो. नवरा तेव्हा मेजर. सकाळी पळून आला की त्याच्या छातीत शिट्टी वाजायची. आधी म्हणाला, धूळ आहे. मग म्हणाला, सर्दी आहे. शेवटी मी हट्टाने शहरातल्या खाजगी डॉक्टरकडे नेलं. त्याने पाठीला नळी लावून दोन मिनिटांत सांगितलं, दमा आहे, आणि एक निळा पंप हातात दिला. घरात आल्यावर नवरा दार लावून म्हणाला, "हे कुणाला कळता कामा नये."

फौजेत माणसाच्या तब्येतीला श्रेणी असते. सगळ्यात वरची शेप वन. दमा कळला की श्रेणी उतरते, आणि श्रेणी उतरली की प्रमोशनच्या बोर्डासमोर आपली फाइल कुणी उघडूनसुद्धा बघत नाही, अशी त्याची ठाम समजूत. झाकली मूठ सव्वा लाखाची, म्हणाला. मी तेव्हा तिशीतली, मलाही ते पटलं. आज तेव्हाच्या आम्हा दोघांची मला सारखीच कीव येते.

महिन्याभरात शेजारचे डॉक्टर, तेही फौजेतलेच, आमच्याकडे जेवायला आले. पाणी घ्यायला उठले तर फ्रिजवर पंप. हातात घेऊन म्हणाले, "ये किसका है भाई?" मी पोळ्यांचा डबा घेऊन स्वयंपाकघराच्या दारात उभी. नवरा माझ्याकडे न बघता म्हणाला, "वाइफ का है, सर." आणि मी काय केलं? हसले! डबा टेबलावर ठेवला आणि बावळटासारखी हसले. डॉक्टर बिचारे भले माणूस. म्हणाले, भाभी, मग लपवता कशाला, उद्या हॉस्पिटलला या, फाइल करून देतो. दुसऱ्या दिवशी माझी फाइल झाली.

मी मूळची कराडची. शाळेत कबड्डी खेळायचे, आणि चढाईला कायम मीच. एका दमात समोरच्यांच्या हद्दीत जाऊन दोघीतिघींना बाद करून परत यायचे. आमच्या खेळाच्या बाई म्हणायच्या, "हिच्या छातीत लोहाराचा भाता आहे." अशा मला, फाइल झाली त्या दिवशी, डॉक्टरने एक पांढरी प्लॅस्टिकची नळी दिली. तिच्यावर आकडे आणि एक लाल काटा. पूर्ण श्वास घ्यायचा आणि जोर लावून फुंकायचं. जितका काटा पुढे, तितकी छाती मोकळी. मी निम्मी हवा गालात धरली, थोडी नाकाने सोडून दिली, उरलेली नळीत. काटा अडीचशेवर थांबला. डॉक्टरने चुकचुक केलं आणि दोन पंप लिहून दिले, एक रोज सकाळ-संध्याकाळ घ्यायचा आणि एक अडीअडचणीचा निळा. घरी येऊन दोन्ही नवऱ्याच्या हातावर ठेवले.

रोजचा पंप त्याने कधी रोज घेतला नाही. "मी काय पेशंट आहे?" हे त्याचं ठरलेलं वाक्य. पंप घ्यायचाच झाला तर बाथरूमचा नळ सोडून घ्यायचा, घरात माझ्या आणि पोरीच्याशिवाय कुणी नसलं तरी. नळाचा आवाज आला की मी गॅस बारीक करायचे आणि कान द्यायचे. शत्रूला न घाबरणारा हा माणूस, बोटभर प्लॅस्टिकला भ्यायचा.

यथावकाश तो लेफ्टनंट कर्नल झाला, आम्ही चंडीमंदिरला आलो आणि माझा दमा आमच्याबरोबर काळ्या ट्रंकांतून आला. या ट्रंकाच मुळात दम्याचं माहेरघर. दर दोन-तीन वर्षांनी बदली, प्रत्येक ट्रंकेत मूठभर डांबरगोळ्या. झाकण उघडलं की माणसाने खोकून मरावं. म्हणून ट्रंका उघडायच्या त्या दिवशी मी नवऱ्याला मेसमध्ये धाडून द्यायचे आणि व्हरांड्यात एकटी उपसत बसायचे. क्वार्टरमधला गालिचा काढून टाकला. सोफ्याचं कापड बदललं. उशांना झिपची खोळ घातली. कूलरच्या वाळ्याला बुरशीचा वास येतो म्हणून मे महिन्यात कूलरविना राहिलो. आणि हे सगळं कशासाठी? तर "इनको सूट नहीं करता," असं नवरा माझ्याकडे बोट दाखवून सगळ्यांना सांगायचा. बायका हुरळून जायच्या. "हाऊ केअरिंग! बायकोसाठी गालिचासुद्धा काढला!" मी गालिचा झटकताना कंबर मोडून घेतली होती, आणि केअरिंग तो.

त्यात हे शहर. चंडीगडला स्वतःच्या देखणेपणाचा भारी माज. सेक्टर आखून दिलेले, झाडं रांगेत उभी केलेली, फुलांची प्रदर्शनं. मार्चमध्ये शहतुताला, म्हणजे आपल्या तुतीला, बहर येतो, डोळ्यांना काही दिसत नाही, पण त्याची पूड हवेत असते आणि नवऱ्याच्या छातीत मांजराची पिल्लं रडायला लागतात. एप्रिलमध्ये गव्हाच्या मळणीचा भुसा. ऑक्टोबर उजाडला की आजूबाजूच्या शेतांत भाताचे खुंट पेटवतात, त्याला इथे पराली म्हणतात, आणि धूर आमच्या खिडकीपर्यंत येतो. सुखना तलावावर सकाळी फिरायला येणारे लोक त्या धुराचे फोटो काढतात, कित्ती सुंदर धुकं म्हणून. एअरोसिटीत माझ्या ओळखीची एक मराठी बाई आहे. तिने हवा शुद्ध करायचं महागडं यंत्र आणलं आणि आम्हाला दाखवायला खास बोलावलं. यंत्र चालू होतं आणि त्याच्या शेजारी देवापुढे धूप जळत होता. मी म्हटलं, "अगं, धूप तरी विझव." तर म्हणाली, "त्यासाठीच तर यंत्र घेतलंय ना यार!" काय बोलणार कप्पाळ!

सल्ल्यांना तर ऊत. आलं-मध, ओव्याची पुरचुंडी, मिठाचा दिवा, उताणं झोपून पोटावर डाळीची पिशवी. एकजण म्हणाली, दमा हा मनाचा आजार आहे, तुम्ही मनात काहीतरी दाबून ठेवलंय. त्या बाईचा मला इतका राग आला, कारण शंभर मूर्खांत तीच एकटी खरं बोलली होती.

हॉस्पिटलात दर तीन महिन्यांनी नळी फुंकायला जायचे. इथले डॉक्टर तरुण आणि मन लावून काम करणारे. काटा अडीचशेवरच अडला की नाराज व्हायचे. "मॅम, आप दवाई ठीक से नहीं ले रहीं." औषध नवरा घेत नव्हता आणि बोलणी मी खात होते. मला ते झोंबायचं. शाळेत कधी कुणी मला नापास म्हटलं नव्हतं! म्हणून पुढच्या वेळी गालातली हवा नळीत जरा जास्त सोडली. काटा तीनशेवर. डॉक्टर खूश, मी खूश. त्याच्या पुढच्या वेळी साडेतीनशे. "व्हेरी गुड, मॅम. अब डोज़ कम कर सकते हैं." रोजच्या पंपाची मात्रा निम्म्यावर आली आणि मी पास झाल्यासारखी ऐटीत घरी आले. येताना पेढे आणले नाहीत इतकंच.

सगळ्यात जिव्हारी लागलं ते सासूबाईंचं. कुणाकडून तरी त्यांच्या कानावर गेलं की सुनेला दमा आहे. फोनवर म्हणाल्या, "आमच्या लेकराच्या गळ्यात रोगट बायको पडली. आधी कळलं असतं तर." फोन स्पीकरवर होता. लेकरू शेजारीच बसलं होतं, बुटांना पॉलिश करत. मी त्याच्याकडे बघितलं. त्याने ब्रश थांबवला, परत सुरू केला आणि बूट चकाचक केले. त्या दिवशी मला रडू आलं. मी त्याला म्हटलं, "स्वतःच्या आईलासुद्धा नाही?" तर म्हणाला, "आईच्या पोटात काही राहत नाही, तुला माहीत आहे. बोर्ड झालं की सांगतो." म्हणजे त्याचं कर्नल होण्याचं बोर्ड. ते होईपर्यंत मी रोगट.

आमची पोरगी तेरा वर्षांची. मराठी सगळं कळतं, बोलणं मात्र हिंदीत. एकदा बायकांचा मोरनीच्या डोंगरावर ट्रेक निघाला. मी दम्याची, म्हणून मला यादीतूनच वगळलं. घरी चिडचिड करत भांडी आपटत होते तर पोरगी म्हणाली, "मम्मा, आप तो कभी खाँसते ही नहीं हो. सिर्फ पार्टी में खाँसते हो." मी तिला गप्प बसवलं. नऊ वर्षांत एवढं सरळ कुणी बोललं नव्हतं आणि जी बोलली तिलाच मी रागावले.

पार्टीतल्या खोकल्याचं सांगते. आमची एक खूण होती. नवऱ्याची छाती आवळायला लागली की तो शर्टाच्या वरच्या बटणाला हात लावायचा. मी जिथे असेन तिथून खोकायला लागायचे. मग तो धावत यायचा, "सॉरी सर, वाइफची तब्येत...," आणि मला दंडाला धरून बाहेर. गाडीत बसलो की काच वर करून तो पंप घ्यायचा. माझ्या पर्समध्ये पंप कायम असायचा. माझा खोकला इतका सराईत झाला होता की मलाच ऐकून घशात खाजल्यासारखं वाटायचं. खूण कधी फसली नाही. त्यामुळे फसू शकते हे दोघांनाही सुचलं नाही.

गेल्या होळीला कमांडरसाहेबांच्या लॉनवर सगळ्यांना बोलावणं होतं. बोर्ड दोन महिन्यांवर. शहतूत ऐन बहरात, चार दिवस नवऱ्याच्या छातीत शिट्टी चालूच. मी म्हटलं, "जायचं नाही. माझी तब्येत बरी नाही म्हणून कळव." म्हणाला, "दरवेळी तुझीच तब्येत कशी? लोकांच्या नजरेत येतं. नाही गेलो तर दिसतं." मी म्हटलं, "आणि तिथे आडवा पडलास तर दिसणार नाही का?" पांढरा कुर्ता घालून तो गाडीत जाऊन बसला. मी पर्समध्ये पंप आहे ना ते दोनदा बघितलं आणि मागोमाग गेले. तोंडाची वाफ दवडण्यात अर्थ नव्हता.

लॉनवर ढोल, भांगड्याची गाणी, गुजिया, थंडाई. कुणा दिवट्याच्या डोक्यातून निघालं होतं देव जाणे, पण एका कोपऱ्यात लग्नाच्या मांडवात असतो तसला मोठा पंखा लावलेला आणि दोन कॅप्टन त्याच्यापुढे गुलालाच्या पिशव्या रिकाम्या करत होते. गुलाबी, हिरवा, जांभळा धुरळा, समोरचं माणूस दिसेना. लोक टाळ्या पिटत होते. नवऱ्याचं तोंड पहिल्या पाच मिनिटांत जांभळं करून टाकलं.

मी बायकांच्या घोळक्यात होते. थोड्या वेळाने बघितलं तर तो शहतुताच्या बुंध्याशी उभा आणि हात वरच्या बटणावर.

मी खोकायला लागले.

आणि तिथेच घात झाला. चहूकडून बायका धावल्या. "मॅम! मॅम को अटैक आ गया!" एकीने खुर्ची आणली, एकीने मला तिच्यात दाबून बसवलं, एक ओढणीने वारा घालायला लागली. मी म्हणतेय, "मी ठीक आहे, मला सोडा," तर म्हणे, "बोलिए मत, मॅम, बोलिए मत!" एका कर्तबगार बाईने माझी पर्स उघडली, पंप काढला, माझ्या तोंडात खुपसला आणि दाबला. एकदा, दोनदा. त्याचं औषध माझ्या निरोगी छातीत गेलं, हात थरथरायला लागले. ते बघून त्यांची खात्रीच पटली आणि तिसऱ्यांदा दाबला. आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी!

बायकांच्या हातांमधल्या फटीतून मला तो दिसत होता. वाकलेला, दोन्ही हात गुडघ्यांवर. त्याच्याजवळ कमांडरसाहेब उभे होते आणि त्याची पाठ थोपटत होते. "डोंट वरी, यंग मॅन. शी इज़ फाइन." सगळ्यांना वाटलं, बायकोच्या काळजीने बिचारा खचला. त्याचे ओठ निळे पडले असणार, पण तोंडभर जांभळा गुलाल, कुणाला काय दिसणार? मला त्याचा गळा दिसत होता. प्रत्येक श्वासाला हाडामागे खड्डा पडत होता.

मी त्या बाईच्या हातातून पंप हिसकावला. खुर्ची मागे पडली. एकीला कोपर लागलं, लागू दे. कितीतरी वर्षांनी मी धावले, समोर येईल त्याला बाजूला सारत, आणि त्याच्या तोंडापुढे पंप धरला. त्याने तोंड फिरवलं. घ्यायला श्वास नाही, आणि तो माणूस माझा हात ढकलून कमांडरसाहेबांकडे बघत म्हणतो, "इनको... इनको दीजिए."

मला इतका संताप आला! मेलो तरी चालेल, पण शेप वन मरेन! मी त्याचे केस मुठीत धरले, मान वर केली आणि ओरडले. पंखा चालू होता, ढोल चालू होता, तरी सगळ्यांनी ऐकलं. "दमा इनको है! मुझे नहीं है! कभी नहीं था!" आणि पंप त्याच्या दातांत घालून दाबला. किती वेळा, मोजलं नाही.

हॉस्पिटल पाच मिनिटांवर, म्हणून वाचला. तरुण डॉक्टर माझ्याकडे नि त्याच्याकडे आळीपाळीने बघत राहिले. त्याला वाफेचा मास्क लावला होता. मास्कच्या आत गुलालाचे डाग. मी नऊ वर्षांचं सगळं उभ्या उभ्या सांगितलं. तो डोळे मिटून पडून होता, झोपलेला नव्हता.

श्रेणी उतरली. सध्या तात्पुरती, पुढे परत तपासणी. बोर्डाचं काय व्हायचं ते होईल. नवरा अकरा दिवस माझ्याशी बोलला नाही. छावणीतल्या बायकांनी मात्र नवं काम हाती घेतलं. कालपर्यंत माझ्यासाठी अगरबत्ती विझवणाऱ्या आता कुजबुजायला लागल्या, "इतक्या लोकांत ओरडायची काय गरज होती? हळूच कानात सांगता आलं नसतं? नवऱ्याच्या करिअरचं वाटोळं केलं." त्यांच्या तोंडाला मी आता लागत नाही. पोरगी फक्त एवढंच म्हणाली, "फाइनली, मम्मा."

तीन आठवड्यांनी हॉस्पिटलात आम्हा दोघांना बोलावलं. माझी फाइल बंद करायची होती. नऊ वर्षांचा दमा नुसता तोंडी कसा काढणार, म्हणून मला परत ती पांढरी नळी दिली. नवरा बाजूच्या स्टुलावर बसला होता. मी उभी राहिले, श्वास भरला, अगदी तळापासून, चढाईला जाताना भरायचे तसा, आणि फुंकलं. काटा साडेचारशेच्या पुढे गेला. डॉक्टर हसले. नवरा हसला नाही. काट्याकडे बघत राहिला आणि मग हळूच म्हणाला, "एवढा श्वास होता तुझ्याकडे?" अकरा दिवसांच्या अबोल्यानंतरही आमचं बोलणं मिठामिरचीपुरतंच होतं. हे पहिलं धड वाक्य. मला टोमणे बरेच सुचले होते, एकही मारला नाही.

मग डॉक्टरने नळीचं तोंड बदललं आणि ती त्याच्या हातात दिली. नऊ वर्षांत त्याने ती एकदाही फुंकली नव्हती. मी कधी फुंकायला लावली नव्हती. तो उठून उभा राहिला, छाती काढून, परेडला राहतात तसा. पूर्ण जोर लावून फुंकलं, मानेच्या शिरा टरारल्या. काटा दोनशेवर थांबला. डॉक्टर म्हणाले, परत. एकशे नव्वद. परत. दोनशे.

मी जेव्हा सगळ्यात आजारी असल्याचं सोंग करायचे, गालात हवा धरून, नाकाने सोडून, तेव्हासुद्धा अडीचशे फुंकायचे. त्यावर डॉक्टर औषध ठरवायचे. मग मला शाबासकी हवी होती म्हणून साडेतीनशे फुंकलं आणि त्याची मात्रा निम्मी करून आणली. पेढे वाटायचे बाकी होते! साऱ्या छावणीला मी मूर्खात काढत होते, आणि तो केव्हातरी नळ सोडून ओढायचा ते औषधसुद्धा माझ्या सोंगाच्या मापाचं होतं.

डॉक्टरने नवी फाइल उघडली आणि वर त्याचं नाव लिहिलं. त्याखाली आकडा, दोनशे. "रोज कितनी बार लेते थे, सर?" त्यांनी विचारलं. सवयीने माझं तोंड उघडलं. नवऱ्याने माझ्या हातावर हात ठेवला आणि म्हणाला, "थांब. मी सांगतो."